मदत हवी आहे: सांगलीतल्या शाळेचा जर्मन अभ्यासक्रम चांगला चाललाय की नाही, हे ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत एका खासगी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. आमच्याकडे काही वर्षांपासून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा जर्मनचे तास होतात. त्याच आवारातल्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला जर्मन हा भाषाविषय घेता येतो. हे सगळं येत्या जूनपासून चालू ठेवायचं, वाढवायचं की गुंडाळायचं, याचा निर्णय संस्थेला घ्यायचाय. अहवाल तयार करण्याचं काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवलंय. मला स्वतःला जर्मन येत नाही, पण भाषा शिकवण्यातलं थोडंफार कळतं. म्हणून हा धागा.

निकालाकडे पाहिलं तर सगळं उत्तम आहे. बारावीला जर्मन घेतलेल्या मुलांचे गुण मराठी-हिंदीवाल्यांपेक्षा भरघोस असतात आणि संस्थेच्या वार्षिक अहवालात ते ठळकपणे छापले जातात. कुणी नापास होत नाही. पालक खूश असतात. या आकड्यांवरच अहवाल लिहायचा तर तो एका पानात संपेल.

पण मी नववीच्या तासाला मागे जाऊन बसले. मुलांच्या वह्या पाहिल्या, अक्षर देखणं, क्रियापदांचे तक्ते पट्टीने आखलेले, प्रत्येक वाक्याखाली देवनागरीत उच्चार लिहिलेला. मग मी बाईंना विनंती केली की एखाद्या मुलाला नेहमीचा क्रम मोडून एकच प्रश्न विचारा. त्यांनी एका हुशार मुलाला विचारलं, ‘वो वोन्स्ट डू?’ म्हणजे तू राहतोस कुठे. तो उभा राहिला आणि ‘इश हाइसं’पासून, म्हणजे ‘माझं नाव’पासून, सुरू झाला. नाव, वय, छंद, भावंडं, आवडता रंग. मध्ये कुठेतरी सांगलीही येऊन गेली. बाईंनी थांबवून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर तो पुन्हा नावापासून सुरू झाला. मुलगा खरंच कष्टाळू आहे. त्याला जे दिलं ते त्याने चोख पाठ केलंय. प्रश्न आहे तो आम्ही त्याला काय दिलं याचा.

बाईंबद्दल गैरसमज नको. त्या कोल्हापूरहून एसटीने येतात, तासिका तत्त्वावर आहेत, जितके तास तितकंच मानधन. सुट्टी आली, सहामाही आली, स्नेहसंमेलन आलं की त्यांचा तास आधी जातो. यापूर्वी आलेल्या शिक्षिकाही अशाच आल्या आणि गेल्या. प्रत्येक वेळी पुस्तक बदललं आणि मुलं पुन्हा पहिल्या धड्यावर आली. इतक्या तुटपुंज्या आधारावर कुणीही यापेक्षा वेगळं काय करणार?

पालकांचं म्हणाल तर दोन गट आहेत. एकाला बारावीला गुण देणारा विषय हवाय. दुसऱ्याला मुलं जर्मनीला पाठवायचीत. २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून ही चौकशी वाढलीय. शेजारी मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव, घरोघरी नर्सिंग केलेली माणसं, त्यामुळे इकडे हा विषय हवेतला नाही. संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्यांनी २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पुढे ठेवलं. त्यात माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशा भाषा उपलब्ध कराव्यात असं म्हटलंय. त्यांचं मत, जर्मनसोबत जपानीही सुरू करू.

मला जाणकारांकडून हे हवंय: परीक्षेतल्या गुणांपलीकडे, शाळेतला परदेशी भाषेचा उपक्रम चांगला आहे हे ओळखायचं कशावरून? त्यासाठी बाहेरून कुणी तपासून मान्यता देतं का? आणि आमच्यासारख्या ठिकाणी, पुण्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवर, हाताशी एकच शिक्षिका असताना सुधारणा कुठून सुरू करायची? कृपया जमेल तितकं नेमकं सांगा, मला हे संस्थेच्या बैठकीत मांडायचंय.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद – मुठाकाठ

ताई, तुम्ही वर्गात जाऊन बसलात, तिथेच अर्धं काम झालं. मी पुण्यात शाळकरी मुलांना जर्मन शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी तासांचा हिशेब मांडा, कारण पालकांच्या अपेक्षा तिथेच जमिनीवर येतात. ग्योटं इन्स्टिट्यूट, म्हणजे जर्मनची जर्मन सांस्कृतिक संस्था, स्वतः सांगते की ए१ पातळीसाठी (युरोपीय मोजपट्टीतली सगळ्यात खालची पायरी, पुढे ए२, बी१, बी२ अशा वर जातात) ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात, ए२ साठी २०० ते ३५०. आठवड्याला दोन तास, परीक्षा-सुट्ट्या वजा जाता वर्षाला साठेक हाती लागतात. तीन वर्षांचे १८०. म्हणजे दहावी संपताना पक्की ए१ पातळी हे प्रामाणिक उद्दिष्ट झालं. जर्मनीत नर्स म्हणून नोंदणीसाठी साधारण बी२ लागते, आणि ती सहाशे तासांच्या पुढची गोष्ट आहे. हे पालकांना प्रवेशाच्या वेळीच लेखी सांगा. शाळेने बी२चं स्वप्न विकू नये आणि ए१ला कमीही लेखू नये. चौदा वर्षांच्या मुलाने चार मिनिटं परक्या भाषेत खरोखरचं बोलणं ही मोठी गोष्ट आहे.

आता ओळखायचं कसं. शाळेच्या पेपरवर विसंबू नका, कारण जो शिकवतो तोच पेपर काढतो. ‘फिट इन डॉइच १’ ही शाळकरी मुलांसाठीची ए१ परीक्षा आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. बोलण्याच्या भागात ओळख करून देणं हा फक्त पहिला तुकडा आहे. पुढे मुलाच्या हातात कार्ड येतं, त्यावरच्या शब्दावरून त्याने शेजाऱ्याला प्रश्न विचारायचा आणि शेजाऱ्याने उत्तर द्यायचं. तुमचा तो नववीतला मुलगा इथे अडकेल, आणि त्याचं नेमकं कारणही तुम्हाला कळेल. सगळ्यांना परीक्षेला बसवायची गरज नाही, शुल्क परवडत नाही हे मी जाणते. नमुना प्रश्नसंच ग्योटंच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. दहावीच्या वर्गाची एक दुपार त्यावर घालवा. तो निकाल तुमच्या अहवालातलं सगळ्यात खरं पान असेल.

आणि एक करा. जूनमध्ये प्रत्येक मुलाचं मिनिटभर बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, प्रश्न आधी न सांगता. तेच मार्चमध्ये करा. दोन्ही लागोपाठ ऐकवल्यावर संस्थाचालकांनाही फरक कळतो, त्यासाठी जर्मन यायला लागत नाही.

शिकवण्याबद्दल एकच सांगते. अमेरिकेतल्या परकीय भाषा शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेची, ॲक्टफलची, शिफारस आहे की वर्गातला ९० टक्के किंवा त्याहून जास्त व्यवहार शिकायच्या भाषेतच व्हावा. आपल्याकडे उलट होतं. जर्मनचं व्याकरण मराठी-इंग्रजीत समजावण्यात तास जातो. एकदम ९० गाठायची गरज नाही. हजेरी, फळा पुसणं, खिडकी उघडणं, वही मागणं एवढं आधी जर्मनमध्ये आणा. आणि देवनागरीतले उच्चार बंद करा, मुलं कानाऐवजी वहीवर विसंबतात.

प्रतिसाद – माईघाट

मीही सांगलीतलाच. बारावीला जर्मनमध्ये नव्वदच्या वर गुण होते. इंजिनिअरिंगनंतर पुण्यात क्लास लावला तर प्रवेश चाचणीत थेट ए१ च्या पहिल्या बॅचला बसवलं. दोन वर्षांचं काहीच उपयोगी पडलं नाही, वर्णमाला आणि आकडे सोडले तर. बोर्डाच्या १००पैकी ८० लेखी आणि २० तोंडी-अंतर्गत, आणि ते वीसही आमच्याकडे सरसकट मिळायचे. माझी विनंती इतकीच, त्या वीस गुणांची तोंडी परीक्षा बाहेरच्या शिक्षकाकडून घ्या. बाकी सगळं आपोआप बदलेल, कारण आपल्याकडे ज्याला गुण असतात तेच शिकवलं जातं.

प्रतिसाद – यवतेश्वर

सातारहून लिहितोय. जपानी शिकवतो. पदाधिकाऱ्यांना माझ्या वतीने सांगा, एक भाषा उभी राहिल्याशिवाय दुसरी आणू नका. जपानीला मागणी आहे हे खरं. तुमच्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला जपानच्या एबारा कंपनीसोबतचा पंपांचा कारखाना १९८८ पासून आहे. पण शिक्षक कुठून आणणार? आणि जेएलपीटी या जपानीच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या निकालावर उपक्रम जोखू नका. त्या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं तपासलंच जात नाही, सगळं पर्याय निवडण्यावर. तिची सगळ्यात सोपी पातळी, एन५, उत्तीर्ण होऊन रस्ता विचारता न येणारी मुलं मी पाहिलीत.

शिक्षिकेबद्दल सुचवतो: सांगलीतल्या दोन-तीन शाळांनी मिळून एकीला पूर्णवेळ नेमावं. सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी. तिला स्थिर पगार मिळेल, तुम्हाला टिकणारी व्यक्ती. शिवाजी विद्यापीठात परदेशी भाषा विभाग आहे, तिथे शिकून बाहेर पडणारे विद्यार्थी याच पट्ट्यातले असतात. त्यांना गाठा.

प्रतिसाद – बांबूबन

आठवीच्या मुलांना धड मराठी परिच्छेद लिहिता येत नाही आणि जर्मन कशाला? आधी मराठी-इंग्रजी पक्कं करा.

प्रतिसाद – हळदपेठ (धागाकर्ती)

तुमची काळजी खरी आहे, मी ती रोज वर्गात पाहते. पण जर्मनचे तास शाळा सुटल्यावर होतात, मराठीची तासिका कापून नाही. मराठी तर कायद्यानेच सक्तीची आहे, आणि असायलाच हवी. उलट जी मुलं इथे नवी भाषा कान देऊन शिकतील, ती स्वतःच्या भाषेकडेही नीट पाहू लागतील अशी माझी आशा आहे. त्यासाठी घोकंपट्टी मात्र थांबायला हवी.

मुठाकाठ ताई, तासांचा हिशेब आजच मुख्याध्यापकांना दाखवला. ते बराच वेळ कागदाकडे पाहत होते. प्रवेशअर्जासोबत पालकांना पत्रक द्यायला ते तयार आहेत. माईघाट, तोंडी परीक्षेची सूचना अहवालात पहिल्या पानावर घेतेय.

बाहेरच्या मान्यतेबद्दल कुणी सांगू शकेल का?

प्रतिसाद – दूरदेशी

मान्यतेचे प्रकार बरेच वेगळे असतात. कॅलिफोर्नियाने २०११ साली कायदा करून शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या प्रमाणपत्रावर द्वैभाषिकतेची मोहोर द्यायला सुरुवात केली. ती मुलाला मिळते, शाळेला नाही. फ्रान्सचं परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून परदेशातल्या शाळांना मानांकन देतं, पण त्यासाठी भाषेखेरीज एखादा विषयही फ्रेंचमधून शिकवावा लागतो, ते तुमच्या आवाक्याबाहेर आहे. जर्मनीच्या परराष्ट्र खात्याने २००८ मध्ये ‘पाश’ नावाचं शाळांचं जाळं सुरू केलं, जगभर सुमारे दोन हजार शाळा त्यात आहेत. निवड त्यांच्या बाजूने होते, पण पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनला (ग्योटंचं इथलं केंद्र) पत्र लिहून शिक्षिकेला प्रशिक्षण मिळेल का हे विचारायला त्या यादीत असावं लागत नाही.

पाटीच्या मागे मात्र लागू नका. केंद्रीय विद्यालयांत ग्योटंसोबतच्या कराराने जर्मन तिसरी भाषा म्हणून आली होती. २०१४ मध्ये भर सत्रात ती गेली आणि तिच्या जागी संस्कृत आली. धोरण बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवा, मुलं आणि शिक्षक अधांतरी राहिले. बाहेरच्या करारापेक्षा शाळेचा स्वतःचा लेखी आराखडा टिकतो: कुठल्या इयत्तेअखेर मुलाला काय करता आलं पाहिजे, पुस्तक कोणतं, शिक्षिका बदलल्या तर नव्या बाईंनी कुठून पुढे जायचं.

प्रतिसाद – मुठाकाठ

आराखड्यात इथलं काहीतरी घाला. पुस्तकातली मुलं बर्लिनच्या मेट्रोत फिरतात. तुमच्या दहावीच्या मुलांना मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घेऊन जा. भोपळा, लाकूड, तारा, किती दिवस लागतात, कोण बनवतं, एवढं दहा सोप्या वाक्यांत ए१चा विद्यार्थी सांगू शकतो. पाठ केलेल्या छंदांपेक्षा ते त्याचं स्वतःचं असेल, आणि जर्मन माणूस खरंच ऐकेल.

प्रतिसाद – हळदपेठ (धागाकर्ती)

सतारीची कल्पना बाईंना फोनवर सांगितली, त्यांनी लगेच शब्दांची यादी करायला घेतली. त्यांचं म्हणणं असं की गेल्या काही वर्षांत त्यांना वर्गाबद्दल पहिल्यांदाच कुणी काही विचारलं. अहवालात त्यांच्या नेमणुकीचा मुद्दा मी आता सगळ्यात वर नेतेय, तोंडी परीक्षेच्याही आधी. यवतेश्वर म्हणतात तसं विश्रामबाग भागातल्या दोन शाळांशी बोलणंही सुरू केलंय. जपानीचा प्रस्ताव या वर्षी ठेवू नये असं स्पष्ट लिहिणार आहे.

आता एकच मदत हवी. फेब्रुवारीत आठवी ते बारावीच्या मुलांची तोंडी परीक्षा बाहेरच्या व्यक्तीकडून घ्यायचीय. कोल्हापूर, सांगली, मिरज, कराड, साताऱ्याकडे बी२ किंवा त्यापुढचं जर्मन येणारं आणि एक शनिवार देऊ शकणारं कुणी असेल तर कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवा. प्रवासखर्च आणि मानधन शाळा देईल. त्या दिवशी मुलांना आधी प्रश्न दिले जाणार नाहीत, एवढी खात्री माझी.