महाराष्ट्रातली सर्वाधिक गर्दीची पर्यटनस्थळं: क्रमवारी नेमकी कशावर लावायची?

नकाशेवाला

महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पर्यटक जातात अशा दहा-पंधरा ठिकाणांचा तक्ता करतो आहे. चार याद्या समोर घेतल्या तर चारही वेगळ्या. एकीत अजिंठा पहिला, दुसरीत शिर्डी, तिसरीत गेटवे, चौथीत महाबळेश्वर. आकडा कशाचा आणि कुठल्या वर्षाचा, हे एकाही यादीत लिहिलेलं नाही.

अडलेल्या गोष्टी तीन. पुरातत्त्व खात्याची तिकीटविक्री सगळ्यात भरवशाची वाटते, पण गेटवे, मरीन ड्राइव्ह, गणपतीपुळे तिच्यात येतच नाहीत. देवस्थानं धरली की बाकी सगळं खाली ढकललं जातं, मग ती धरायची का? आणि सकाळी जाऊन संध्याकाळी घरी परतणारा माणूस पर्यटक म्हणायचा का?

सुंदर कुठलं, बघण्यासारखं कुठलं, हे नको आहे. फक्त माणसं किती जातात तेवढंच.

तिकीटखिडकी

शेवटचा प्रश्न आधी, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या व्याख्येत देशांतर्गत पर्यटक म्हणजे नेहमीचं घर सोडून दुसरीकडे जाणारा आणि हॉटेल, धर्मशाळा अशा ठिकाणी किमान एक रात्र राहणारा. सकाळी लोणावळ्याला जाऊन रात्री ठाण्याला परतणारा त्यात बसत नाही. शिवाय राज्यांचे जे आकडे छापले जातात ते 'भेटीं'चे असतात, माणसांचे नाहीत. एकच माणूस वर्षात तीनदा गेला तर तीन भेटी. तुम्हाला स्थळांची क्रमवारी हवी आहे, म्हणून मुक्कामाची अट सोडा आणि 'भेट' हेच एकक धरा. तक्त्याच्या डोक्यावर तसं स्पष्ट लिहा.

आता तिकिटं. भरवशाची आहेत, पण पूर्ण नाहीत. गळती कुठे होते ते बघा:

पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. हिवाळ्यात वेरूळला शाळांच्या सहली रांगेनं लागलेल्या असतात, त्यातली बहुतेक मुलं तिकिटात दिसतच नाहीत. १८ एप्रिलला, जागतिक वारसा दिनी, प्रवेश मोफत असतो, तो दिवसही गेला. सार्क आणि बिमस्टेक या शेजारी देशांच्या गटांतल्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागतो, म्हणून 'भारतीय दराची तिकिटं' म्हणजे 'भारतीय पर्यटक' असं धरलं की चूक होते.

उलट बाजूला दुहेरी मोजणी. कान्हेरीला जाणारा आधी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारात वन खात्याचं तिकीट काढतो, मग लेण्यांशी पुरातत्त्व खात्याचं. दोन आकड्यांची बेरीज केली की तो दोनदा मोजला गेला. त्याच उद्यानात पास काढून रोज पहाटे फिरायला येणारे लोकही असतात, ते वगळायचे. भायखळ्याच्या राणीबागेत आणखी वेगळी भानगड: तिथे आई-वडील आणि दोन मुलं यांचं मिळून एकच तिकीट निघतं. तिकिटांची संख्या आणि माणसांची संख्या या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती तिकिटं मोजणाऱ्याची राणीबाग हमखास खाली घसरते.

अजिंठ्याला पडताळा घ्यायची छान सोय आहे. खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबतात आणि पुढचे सुमारे चार किलोमीटर बसनं जावं लागतं. बसच्या तिकिटांचा आकडा लेण्यांच्या तिकिटांशेजारी ठेवला की मोफत शिरलेल्यांचा चांगला अंदाज येतो.

आणि हो, अजिंठा पहिला असणारी यादी सरळ बाजूला ठेवा. तो प्रसिद्धीचा क्रम आहे, गर्दीचा नाही. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर, वेरूळ ३० आणि बीबी का मकबरा शहरातच. देवगिरी, खुलदाबाद, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर हे सगळं एका रस्त्यावर, एका दिवसात होतं. अजिंठ्यासाठी पूर्ण दिवस वेगळा काढावा लागतो. त्यामुळे तिकिटांत वेरूळ आणि मकबरा नेहमीच अजिंठ्याच्या बरेच पुढे असतात.

चंद्रभागातीर

देवस्थानं धरायचीच. महाराष्ट्रात माणूस घराबाहेर पडतो त्यामागे देवदर्शन हे फार मोठं कारण आहे. ते वगळून केलेली यादी 'तिकीट असलेली स्थळं' एवढीच होईल. पण देवस्थानांचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. वर्तमानपत्रात 'पाच लाख भाविकांनी दर्शन घेतलं' असं येतं तेव्हा पहिला प्रश्न विचारा: दर्शन घेतलं, की गावात आले?

रांगेचं गणित सोपं आहे. गाभाऱ्यातून मिनिटाला किती माणसं पुढे सरकतात, गुणिले दर्शन चालू असलेली मिनिटं. समजा, शिर्डीत समाधीपुढून मिनिटाला ५० माणसं जातात आणि आरत्यांच्या वेळी रांग थांबते ती वजा करून १६ तास हातात उरतात. ९६० मिनिटं गुणिले ५० म्हणजे ४८,०००. हा वेग तिथे उभं राहून १५-१५ मिनिटं तीन वेळा मोजा, सकाळ, दुपार आणि रात्र, कारण लहान मुलं आणि वृद्ध जास्त असले की वेग पडतो. याच्या दुप्पट-तिप्पट आकडा कोणी सांगत असेल, तर त्यात मुखदर्शनवाले (लांबूनच दर्शन घेणारे) किंवा नुसते परिसरात आलेले मिसळले आहेत असं समजा.

पंढरपूरला मात्र हे गणित उलट्या बाजूनं फसतं. आषाढीच्या आधी देवाचा पलंग काढतात, म्हणजे देवाची झोप बंद, आणि चोवीस तास पदस्पर्शदर्शन सुरू होतं. मिनिटाला ३५ जण धरले तरी दिवसाला ५०,४०० होतात. एकादशीला पंढरीत त्याच्या कित्येक पट लोक असतात. रांग दर्शनबारीच्या पत्राशेडच्या पुढे गोपाळपूरकडे गेलेली असते. असंख्य वारकरी चंद्रभागेचं स्नान, नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन घेऊन समाधानानं परततात. ते रांगेत लागतच नाहीत. त्यांची वारी पूर्ण झालेली असते, म्हणून त्यांना वगळणं मला पूर्ण चुकीचं वाटतं. वारीच्या दिवसांत गावात शिरणारी माणसं मोजायची: जादा एसटी आणि रेल्वेगाड्यांचे प्रवासी, वाहनतळावरच्या गाड्या आणि पालख्यांबरोबर चालत आलेले. एरवीच्या दिवसांत रांगेचा आकडा पुरतो.

पालखीत एक सापळा आहे. माउलींची पालखी पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण अशी मुक्काम करत येते. प्रत्येक मुक्कामाचा आकडा त्या त्या तालुक्यात नोंदला गेला आणि तुम्ही बेरीज केलीत, तर एकच वारकरी पंधरा-सोळा वेळा मोजला जाईल. फक्त पंढरपूरचा घ्या.

वर्ष निवडतानाही पंचांग जवळ ठेवा. अधिक मासात पंढरपूरची गर्दी वाढते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. सिद्धिविनायकाला वर्षात अंगारकी किती आल्या आणि जेजुरीला सोमवती अमावास्या किती, यावर वर्षाचा आकडा हलतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाचं वर्ष तर तुलनेतून बाहेरच ठेवायचं. मागचा २०१५ चा, पुढचा २०२७ चा.

फूटपट्टी

तिकीट नसलेल्या जागांबद्दल.

आधी बघा की तिकीट नसलं तरी नाका आहे का. माथेरानला दस्तुरीच्या पुढे खासगी गाडी जात नाही आणि नगरपरिषद माणशी कर घेते. तो आकडा थंड हवेच्या ठिकाणांत सगळ्यात स्वच्छ. महाबळेश्वर-पाचगणी एकच धरा, वेगळी मोजलीत तर बहुतेक पाहुणे दोन्हीकडे दिसतील. सिंहगडाला उपद्रव शुल्क (वर जातानाचा आकार) वाहनांवर आहे, त्यामुळे आतकरवाडीच्या पायवाटेनं चढणारे सुटतात, आणि रविवारी ते थोडेथोडके नसतात. पावतीवर 'चारचाकी १' असतं, आत दोन माणसं की सहा हे नसतं. त्यासाठी १०० गाड्यांत डोकावून सरासरी काढायची. रविवारची सरासरी मंगळवारला लावू नका. रविवारी कुटुंबं भरलेली येतात.

लोणावळ्यासाठी द्रुतगती मार्गाच्या टोलचा आकडा वापरणाऱ्या याद्या असतात. काही उपयोग नाही, त्यातले बहुसंख्य मुंबई-पुणे करणारे. लोणावळ्यात उतरणारी रेल्वे तिकिटं, खोल्यांची भरती आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या वाटेवरची मोजणी, या तिन्हींवरून अंदाज बांधावा लागतो.

नाकाच नसेल तर नमुना मोजणी. प्रत्येक तासातली १५ मिनिटं, फक्त आत येणारे, गुणिले चार. जाणारे मोजायचे नाहीत. सुट्टीचे आणि कामाचे दिवस वेगळे. मानलेले आकडे घेऊन दाखवतो: कामाच्या दिवशी ५,०००, सुट्टीच्या दिवशी १८,०००. वर्षात कामाचे २४० आणि सुट्टीचे १२५ दिवस धरा. १२ लाख अधिक साडेबावीस लाख म्हणजे ३४ लाख ५० हजार. एका रविवारी मोजून ३६५ नं गुणलं असतं तर ६५ लाख ७० हजार झाले असते. समुद्रकिनाऱ्यांचे फुगलेले आकडे बहुतेक असेच तयार होतात. कोकणात पावसाळ्याचा हिशेब तर वेगळाच ठेवायचा, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही त्या महिन्यांत बंद असतात.

गेटवेला एक खास गोंधळ: तिथून घारापुरी आणि मांडव्याच्या बोटी सुटतात. बोटीचे प्रवासी म्हणजे गेटवेचे पर्यटक नव्हेत, आणि गेटवे बघणारे बहुसंख्य बोटीत चढतच नाहीत.

नकाशेवाला

बरंच सुटलं, मनापासून आभार. म्हणजे तीन प्रकारचे आकडे झाले: तिकीट, रांग, नमुना. यांचा अचूकपणा सारखा नाही. मग एका शिडीवर चढवायचे कसे? आणि ताडोबा, कास यांच्यासारख्या ठिकाणी प्रवेशच मर्यादित आहे, त्यांचं काय?

तिकीटखिडकी

एक-दोन-तीन असा क्रम लावूच नका, पट्टे करा. नमुना मोजणीत वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होणारच. दोन ठिकाणांतला फरक त्याहून कमी असेल तर वर कोण आणि खाली कोण हे ठरवायला आधार नाही. वर सांगितलेल्या पद्धतीनं मी लावलेले पट्टे असे:

सगळ्यात वरच्या पट्ट्यात शिर्डी, पंढरपूर, सिद्धिविनायक आणि गेटवे ते मरीन ड्राइव्ह हा दक्षिण मुंबईचा भाग.

त्याखाली तुळजापूर, कोल्हापूरची अंबाबाई, शनिशिंगणापूर, त्र्यंबकेश्वर, लोणावळा-खंडाळा, महाबळेश्वर-पाचगणी.

तिसऱ्यात राणीबाग, संजय गांधी उद्यान, वेरूळ, बीबी का मकबरा, अलिबागचा किनारा, गणपतीपुळे.

चौथ्यात अजिंठा, घारापुरी, रायगड, माथेरान.

एकक सारखं ठेवा एवढं बघा. एका ओळीत 'मुंबई' आणि दुसरीत 'कैलास लेणं' असं झालं की तक्ता कोसळतो.

ताडोबा आणि कास वेगळ्या चौकटीत. ताडोब्यात गाड्या ठरलेल्या, एका जिप्सीत सहा पर्यटक, मंगळवारी सुट्टी आणि पावसाळ्यात कोअर (जंगलाचा गाभा) बंद. कासचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा, तिथेही रोजची संख्या बांधलेली. तिथला आकडा किती जणांना सोडलं ते सांगतो, किती जणांना जायचं होतं ते नाही.

चंद्रभागातीर

पट्टे पटले. एक भर घालतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी आणि ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी, इथे येणारा जनसागर वार्षिक सरासरीत पार विरघळून जातो. म्हणून तक्त्यात आणखी एक रकाना करा: 'एका दिवसातली कमाल गर्दी'. त्यात या दोन्ही जागा पंढरपूरच्या शेजारी वरच येतील. जेजुरीची सोमवती आणि ६ जूनचा, शिवराज्याभिषेक दिनाचा रायगडही त्याच रकान्यात दिसेल.

फूटपट्टी

रायगडाबद्दल लक्षात ठेवा, रज्जुमार्गाची तिकिटं आणि पुरातत्त्व खात्याची तिकिटं यांची बेरीज करायची नाही, तीच माणसं आहेत. आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यं म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यातले ११ महाराष्ट्रातले, रायगड त्यात आहे. त्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षांची सरासरी एकत्र करू नका. पुरातत्त्व खात्याचं वर्ष एप्रिल ते मार्च चालतं आणि मंत्रालयाच्या भेटी जानेवारी ते डिसेंबरच्या, तेही एकमेकांत मिसळू नका. २०२०-२१ आणि २०२१-२२ टाळेबंदीमुळे पूर्ण गाळा.