तहकूब, संस्थगित, बरखास्त

प्रश्न : परवा एका बातमीत वर 'हिवाळी अधिवेशन बरखास्त' आणि खाली 'विधानसभा तहकूब' असं वाचलं. नववीतली लेक विचारते, "आई, मग आमदारांची आमदारकी गेली का?" मला धड सांगता आलं नाही. या शब्दांत नेमका फरक काय?

उत्तर : ताई, लेकीनं मुद्द्यालाच हात घातलाय. आमदारकी गेलेली नाही. बैठक, अधिवेशन आणि सभागृह यांतलं काय संपलं, ते आधी बघायचं.

तहकूब होते ती बैठक. दहा मिनिटांसाठी, उद्यापर्यंत किंवा बेमुदत, आणि ती पीठासीन अधिकारी, म्हणजे सभागृहाचं कामकाज चालवणारे, करतात. विधानसभेत २८८ जागा आहेत. गणपूर्तीला दहावा हिस्सा, म्हणजे २९ सदस्य हवेत. तेवढे नसले की घंटा वाजते, आणि तरीही बाकं रिकामीच राहिली तर कामकाज तहकूब.

संस्थगित होतं ते अधिवेशन, आणि ते राज्यपाल करतात. संविधानाच्या मराठी प्रतीत याला 'सत्रसमाप्ती' म्हटलंय. मला तोच शब्द पटतो. 'संस्थगित'मधलं 'स्थगित' ऐकून काहीतरी लांबणीवर पडलंय असं वाटतं, आणि इथे तर सत्र संपलेलं असतं! हा फरक नुसता शब्दांचा नाही. सभागृह फक्त तहकूब असेल तर सत्र चालूच धरतात, आणि दोन्ही सभागृहांचं सत्र चालू असताना राज्यपालांना अध्यादेश काढता येत नाही.

विसर्जित होते ती फक्त विधानसभा. आमदारकी जाते ती तेव्हा, आणि विधानसभेत अडकलेली विधेयकंही तेव्हाच बाद होतात. सत्रसमाप्तीनं होत नाहीत. विधानपरिषद कधीच विसर्जित होत नाही. तिचे ७८ सदस्य सहा-सहा वर्षांसाठी येतात आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश निवृत्त होतात.

राहिला 'बरखास्त'. हा फारसी : 'बर' म्हणजे वर, 'खास्त' म्हणजे उठलं. दरबार बरखास्त झाला म्हणजे मंडळी उठली, एवढंच. त्या जुन्या अर्थानं बातमीतलं वाक्य चूक म्हणता येणार नाही. पण आज सरकार बरखास्त होतं, पालिका बरखास्त होते. फेब्रुवारी १९८० मध्ये शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार बरखास्त झालं. शब्दाला आता हकालपट्टीचा वास लागलाय, म्हणून अधिवेशनासाठी तो वापरूच नये.

नागपूरहून : पटलं, पण आमच्याकडे 'सत्रसमाप्ती' कोणी म्हणत नाही, 'अधिवेशन संपलं' म्हणतात. आणि नुसतं 'अधिवेशन' म्हटलं की ते हिवाळीच. १९५३ च्या नागपूर करारात वर्षाला निदान एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं होतं, तेव्हा हा शब्द आमच्या हक्काचा आहे. २०२० आणि २०२१ ला ते मुंबईतच झालं, ते फार लागलं होतं. आणखी एक शब्द जोडा, 'निलंबित'. १२ नोव्हेंबर २०१९ ला राष्ट्रपती राजवट आली तेव्हा विधानसभा विसर्जित नव्हती, निलंबित होती. म्हणून तर निवडणूक पुन्हा न होता त्याच निवडून आलेल्यांनी २७ तारखेला शपथ घेतली.

पणजीहून : 'सभापती'चंही लिहा. आमच्याकडे विधानपरिषद नाही, ४० जणांची विधानसभा, आणि तिचं कामकाज चालवतात ते सभापती. महाराष्ट्रात विधानसभेला अध्यक्ष आणि सभापती परिषदेला. मुंबईचा पेपर वाचताना मी कितीदा घोटाळ्यात पडलेय.

प्रश्न : सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीनं वहीत तीन रकाने आखून बैठक, अधिवेशन, सभागृह असं लिहिलंय आणि 'बरखास्त' पेन्सिलीनं समासात टाकलाय. आता विचारतेय, परिषदेच्या सदस्यांनाही आमदारच म्हणायचं का?

उत्तर : हो, दोघांनाही. हिंदीत 'विधायक' म्हणतात, 'आमदार' आपला मराठीचा.