मदत हवी आहे: नान्सीचा प्लास स्तानिस्लास आणि परिसर एका दिवसात होईल का?

नमस्कार. येत्या सप्टेंबरात आम्ही दोघे पॅरिसला मुलाकडे जाणार आहोत आणि त्यातला एक दिवस फ्रान्सच्या लोरेन प्रांतातील नान्सी शहरासाठी राखला आहे. गार द लेस्त स्थानकावरून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने सुमारे दीड तास लागतो. तिथल्या प्लास स्तानिस्लास या चौकातले बोझार (ललितकला) संग्रहालय मंगळवारी बंद असते, म्हणून बुधवार निवडला आहे. ह्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे एका दमात फार चालणे जमत नाही.

मुख्य ओढ प्लास स्तानिस्लासची आहे. पोलंडची गादी गमावलेल्या स्तानिस्लाव लेश्चिन्स्की यांना लोरेन हयातीपुरते मिळाले होते. त्यांनी 1752 ते 1755 या काळात वास्तुकार एमान्युएल एरे यांच्याकडून हा चौक बांधवून घेतला, तो आपले जावई, फ्रान्सचे राजे पंधरावे लुई यांच्या सन्मानार्थ. लुईंचा पुतळा राज्यक्रांतीत नष्ट झाला आणि 1831 मध्ये तेथे स्तानिस्लाव यांचा पुतळा बसवला गेला. म्हणजे जावयाच्या मानाच्या जागी अखेर सासरेच उभे राहिले! झाँ लामूर यांची सोनेरी मुलाम्याची लोखंडी जाळीदार दारे आणि कोपऱ्यांतली कारंजी निवांत पाहायची आहेत. तटबंदीवरून तोफांचा मारा अडू नये म्हणून चौकाच्या एका बाजूच्या इमारती मुद्दाम बुटक्या ठेवल्या होत्या, हेही प्रत्यक्ष पाहायचे आहे. चौक 2005 पासून पादचाऱ्यांसाठीच असल्याने वाहनांची धास्ती नाही.

तेथून एरे कमानीतून प्लास द ला कारिएरमध्ये आणि पुढे जुन्या गावातून चौदाव्या शतकातील पोर्त द ला क्राफ या वेशीपर्यंत जावे, असे मनात आहे. अडचण अशी की, मला आर्ट नूव्हो या वेलबुट्टीदार वळणांच्या कलाशैलीचे, फर्निचर कलाकार माजोरेल यांचे घर आणि एकोल द नान्सी या त्याच शैलीतल्या स्थानिक कलाकारांच्या गटाचे संग्रहालयही पाहायचे आहे, आणि ती दोन्ही ठिकाणे रेल्वे स्थानकाच्या पलीकडच्या अंगाला आहेत. बोझार संग्रहालयातला, नान्सीच्याच दोम कारखान्याच्या काचकामाचा संग्रह पाहिल्यावर यांपैकी एक गाळले तर चालेल का? की रात्री मुक्काम करून, दिव्यांच्या उजेडातला चौकही पाहून, दुसऱ्या सकाळी तिकडे जावे?

जाणकारांनी आणखी एक सांगावे: उपाहारगृहाची खुर्ची न घेता चौकातच बसायची सोय आहे का, की शेजारच्या पेपिनिएर उद्यानातच जाऊन टेकावे लागेल?