आजीचा पानाचा डबा कागदात कसा उतरवायचा?

नौपाडाकर:
आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. माळा रिकामा करताना आजीचा पितळी पानाचा डबा सापडला, आत सुपारी-कात-लवंगेचे कप्पे, चुन्याची डबी, झाकणाची एक बिजागरी तुटलेली म्हणून तिथे तांब्याची तार पिळून बांधलेली. आता तो सांगलीच्या आत्याकडे जाणार, रविवारी न्यायला येतेय, आणि बरोबरच आहे, आई तिची. पण मला तो त्याच साईजचा कागदाचा करून ठेवायचाय. फोटो काढलेत हो, पण फोटोचं झाकण उघडत नाही ना! आकाशकंदिलाच्या पुढे माझी मजल गेलेली नाही. कागद कुठला, मापं कशी घ्यायची? हसू नका.

पुठ्ठेबहाद्दर:
हसत नाही, मी बाबांच्या रेडिओचा केलाय. आतले कप्पे 1 मिमी पुठ्ठ्याचे कर, बाहेरून 250-300 जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम, आकडा मोठा तितका कागद जाड) कार्ड पेपर. घडी घालायच्या आधी रिकाम्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ दाब, नाहीतर कड फाटते. पत्र्याचा रंग हवा असेल तर प्रत्येक बाजूचा फोटो पाच-सहा फुटांवरून झूम करून काढ (जवळून काढलास की कडा फुगतात), शेजारी स्टीलची पट्टी ठेव, फोटो पट्टीवरून मापात आण आणि प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद करून 100 टक्क्यांवर काढ, माझे पहिले दोन रेडिओ ह्याच पायी अर्धा सेंटीमीटर बारीक झाले. सोनेरी कागद अजिबात लावू नकोस, लग्नातल्या रुखवतासारखं दिसतं. आणि फेविकॉल पातळ लाव, मग दासबोधाखाली रात्रभर दाबून ठेव.

घणसोलीकर:
एवढा खटाटोप कशाला, तसाच पितळी डबा बाजारातून घे की. चिनी लोक चिंगमिंगला (त्यांचा पितरांचा सण) पूर्वजांसाठी कागदी घरं, कागदी मोबाईल करतात, पण ते जाळून टाकतात, ठेवत नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात कागदाला बुरशी येते, भावा.

पुठ्ठेबहाद्दर:
@घणसोलीकर बाजारच्या डब्याला ती तार कोण बांधणार? बुरशीसाठी सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. खळ वापरणार असशील तर त्यात चिमूटभर मोरचूद घाल, बाइंडिंगवाले घालतात, कसर लागत नाही. पण विष आहे ते, मुलांपासून लांब.

नेरुळची_मावशी:
झाकणाच्या आतल्या बाजूला नाव आहे का बघ रे. पूर्वी भांड्यावर टिंबटिंब करून नाव घालायचे, घासून घासून ते दिसेनासं होतं. पातळ कागद ठेवून 6बी पेन्सिल आडवी फिरव, नाण्याचं करायचो तसं. तो कागदच झाकणाला आतून चिकटव.

नौपाडाकर:
मावशी, उमटलं! तळाशी होतं, झाकणाला नाही. आम्ही समजत होतो डबा आजोबांनी घेतलेला, तर नाव कुणा बाईचं आलंय, खाली '9-5-54'. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, अगं बाई, ही तर तुझ्या आजीच्या माहेरची शेजारीण, आजीच्या लग्नात दिलेला तिने, आणि मग पाऊण तास त्या शेजारणीच्या भांडणांबद्दलच बोलत होती. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तार मी कागदाची नाही करणार, खरी तांब्याचीच पिळतो. फक्त एक सांगा @पुठ्ठेबहाद्दर, गोखले रोडचा झेरॉक्सवाला म्हणतो 300 जीएसएम त्याच्या मशीनमध्ये अडकतो. मग साध्या कागदावर प्रिंट काढून कार्डवर चिकटवू का? फुगे येतील का?