मदत हवी आहे: जॉन क्राउलीची नाटकं कुठे बघायला मिळतील?

मंडळी, कॉर्कचा हा आयरिश दिग्दर्शक, त्याचा २०१५चा 'ब्रुकलिन' परवा परत बघितला आणि ख्रिसमसच्या जेवणात तो थकलेला आयरिश मजूर उठून गेलिक गाणं म्हणतो ना, तिथे माझा घास अडकला अक्षरशः. कॅमेरा नुसता चेहऱ्यांवर, काही घाई नाही. मला वाटतं ही सवय स्टेजवरची असणार, कारण २००३ मध्ये त्याने लंडनच्या नॅशनल थिएटरला 'द पिलोमन' बसवलं, त्याच वर्षी पहिला सिनेमा 'इंटरमिशन', मग २००५ला पिलोमन ब्रॉडवेला. सिनेमे मिळतात हो, पण त्या नाटकांचं रेकॉर्डिंग कुठे बघता येतं का? लंडन-डब्लिनमधल्या कुणी त्याचं नाटक प्रत्यक्ष बघितलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, फार मनापासून हवंय.