वादळी रांग दिसली की लगेच ‘टोर्नॅडो’ म्हणायचं का?

मांजराकाठ (धागा यांचा)

मार्च उजाडला की हौशी निरीक्षकांच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, विंडी या हवामानाच्या ॲपवरचे लालभडक नकाशे. दुसरी, त्याखाली “आज टोर्नॅडोचा धोका”, म्हणजे ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोचणाऱ्या फिरत्या वाऱ्याचा. माझं मत सरळ आहे: मराठवाड्यापुरता हा शब्द आपल्या इशाऱ्यांतून काढून टाकावा.

कारण हवेतच आहे. एप्रिल-मेमधली नेहमीची दुपार घ्या. तापमान ४१, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो) १६. दोघांतल्या फरकाला १२५ ने गुणलं की ढगाचा तळ साधारण किती मीटरवर ते कळतं: २५ गुणिले १२५, म्हणजे ३१२५ मीटर. तीन किलोमीटर उंच तळ आणि खाली भट्टीसारखी कोरडी हवा. पाऊस पडता पडता वाटेतच आटतो, त्यामुळे हवा गार आणि जड होते, धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे फाकते. हा डाऊनबर्स्ट. टोर्नॅडोला तळ हजार-दीड हजार मीटरच्या आत लागतो आणि खालची हवा ओली लागते.

अशा दहा-बारा ढगांचा गार वारा एकत्र होऊन पुढे रेटत निघाला की झाली स्क्वॉल लाइन, म्हणजे वादळी रांग. हवामान खात्याची स्क्वॉलची व्याख्याही नीट वाचा: वारा अचानक किमान १६ नॉटने (२९ किमी) वाढला, ताशी ४० किमी किंवा त्यावर गेला आणि निदान एक मिनिट टिकला, तर स्क्वॉल. मिनिटाच्या आत उतरला तर तो नुसता झोत. आपल्या ग्रुपवर आधी हे मोजायची बोंब आहे आणि गप्पा टोर्नॅडोच्या.

दवबिंदू

मालक, गणित बरोबर, पण महिना सोयीचा निवडलात. मेची दुपार घेऊन मार्चचा निकाल लावताय.

फेब्रुवारी-मार्च २०१४ मधली गारपीट विसरलात का? तसल्या ढगाळ, ओल्या दिवसांत तापमान ३२ आणि दवबिंदू १९ असू शकतो. लावा तुमचेच १२५. तळ १६२५ मीटरवर आला, निम्म्यावर. वर मार्चमध्ये पश्चिमेचा जेट (उंचावरचा वेगवान वारा) आपल्या अक्षांशाजवळ असतो. जमिनीवर आग्नेयेचा ओला वारा १० नॉट आणि सहा किलोमीटरवर पश्चिमेचा ४० नॉट, म्हणजे शिअर (दोन उंचींवरच्या वाऱ्यांतला फरक) पन्नाशीच्या आसपास. चाळिशीपुढे गेलं की ढग एकटा उभा राहून स्वतःभोवती फिरू शकतो, त्यालाच सुपरसेल म्हणतात. लिंबाएवढ्या गारा बहुधा अशाच ढगातून येतात.

आणि “भारतात होत नाही” हे तर कुणी बोलूच नये. दिल्ली, १७ मार्च १९७८. ओडिशात केंद्रापाडा जिल्ह्यातलं राजकनिका, ३१ मार्च २००९. पंजाबात फाजिल्का जिल्ह्यातलं बकैनवाला, २४ मार्च २०२३. उत्तर बंगालात मैनागुडी, ३१ मार्च २०२४. चारही मार्चमधले. तुम्ही मे धरून बसलाय.

मांजराकाठ

तारखा मान्य. पण त्यातलं एकही ठिकाण दख्खनच्या पठारावर नाही. ओडिशा आणि उत्तर बंगालात बंगालच्या उपसागराची ओल थेट घुसते, दिल्ली-पंजाबात पश्चिमी विक्षोभाचा जोर असतो. आपल्यापर्यंत ती ओल पोचते ती पठार चढून, अर्धी वाळून.

दुसरं, तुम्ही जे शिअर सांगताय ते शून्य ते सहा किमीचं. त्यानं गारा पडतात. टोर्नॅडोसाठी खालच्या एका किलोमीटरात २० नॉटच्या आसपास फरक लागतो. तो काढताना ग्रुपवर सर्रास एक चूक होते. लोक विंडीत ९२५ हेक्टोपास्कलचा थर (हवेचा दाब तेवढा असतो ती उंची) लावतात. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटरवर आहे, त्यामुळे ९२५ चा थर लातूरकरांच्या डोक्यावर जेमतेम दीडशे मीटर. त्यावरून एक किलोमीटरचं शिअर कसं निघेल? ८५० लावा. तो लातुरात जमिनीपासून पावणेनऊशे-नऊशे मीटरवर येतो. नांदेड खाली, साडेतीनशे-पावणेचारशे मीटरवर, तिथं हिशेब पुन्हा वेगळा. आधी ८५० वरून आकडा काढा, मग बोलू.

उदगीर_पूर्व

दोघं मॉडेलवरून भांडताय. वादळ उठल्यावर काम पडतं रडारशी, आणि तिथं दोघांचीही अडचण आहे.

लातूर-उदगीर पट्टा हैदराबादच्या रडारवर दिसतो. सरळ अंतर: उदगीर सुमारे १७५ किमी, लातूर सुमारे २२५. कळंब आणि तुळजापूर तर २५० किमीच्या वर्तुळाबाहेरच. आता रडारचा किरण अर्ध्या अंशानं वर निघाला असं धरा. पृथ्वीचा बाक धरून तो उदगीरवर पोचतो तेव्हा साधारण ३.३ किमी उंच असतो आणि लातूरवर जवळपास ५ किमी. शिवाय तो पसरतो. एक अंशाचा किरण लातूरपाशी पावणेचार-चार किमी रुंद. टोर्नॅडो बहुतेक वेळा काहीशे मीटरचा, तोही जमिनीलगत. म्हणजे चाळणीच्या भोकापेक्षा दाणा लहान आणि चाळणी छपरावर टांगलेली.

म्हणून “रडारवर फिरकी दिसली नाही, धोका नाही” हेही चूक आणि “रडारवर हुक (फिरत्या ढगाची आकड्यासारखी खूण) दिसतोय” म्हणणाराही थापा मारतोय.

रडारवरून करण्यासारखं काम वेगळं आहे. रडारचं मॅक्स-झेड नावाचं चित्र घ्या (ते काय दाखवतं ते खाली सांगतो). सहसा दर दहा मिनिटांनी नवीन येतं. त्यावर यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ असेल तर साडेपाच तास मिळवा. मिळवायचं विसरल्यामुळे दुपारचं चित्र सकाळचं म्हणून फिरतं, दरवर्षी. वीस मिनिटांच्या अंतराची दोन चित्रं समोरासमोर ठेवा आणि रांगेची पुढची कड किती सरकली ते मोजा. १८ किमी सरकली तर वेग ताशी ५४. कड लातुरात आणि उदगीर सरळ रेषेत ५७ किमीवर, म्हणजे कागदावर तासभर. पण चित्र तुमच्या हातात येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं शिळं झालेलं असतं, तेवढ्यात रांग दहा-बारा किमी पुढे गेली. शिवाय गार वाऱ्याची आघाडी पावसाच्या दहा-पंधरा किमी पुढे धावू शकते, आणि उथळ असल्यानं ती इतक्या लांबून रडारला दिसत नाही. उदगीरला सांगायचं तर “तासाभरात” नाही, “अर्ध्या तासात वारा, त्यामागून पाऊस” असं सांगा.

अजून एक. मॅक्स-झेड म्हणजे त्या जागेवरच्या अख्ख्या उभ्या खांबातला सगळ्यात ठळक रंग. तो रंग आठ किमीवरचा की दोन किमीवरचा हे मधल्या नकाशात कळत नाही. वरच्या आणि उजव्या बाजूच्या पट्ट्या त्यासाठीच आहेत, त्या कापून चित्र टाकू नका राव.

वळीव

रांग मधूनच धनुष्यासारखी पुढे फुगली तर? बो एको. त्याच्या उत्तरेकडच्या टोकाला फिरकी धरते असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तेव्हा तरी शब्द वापरायचा की नाही?

उदगीर_पूर्व

फुगलेला भाग म्हणजे मागून जोराचा वारा घुसतोय. त्या फुगवट्यासमोरच्या गावांना सरळ वाऱ्याचा सगळ्यात मोठा फटका. इशारा त्यांना आधी द्या. टोकाच्या फिरकीतून टोर्नॅडो झालाच तरी तो बहुधा लहान आणि पाच-दहा मिनिटांचा असतो, तुमच्या पुढच्या चित्राच्या आत संपलेला.

पत्र्याचं_घर

शब्दावरून इतकं भांडताय, पण खाली माणूस काय करतो ते बघा. ‘टोर्नॅडो’ वाचला की निम्मी पोरं मोबाईल घेऊन गच्चीवर चढतात. ‘चक्रीवादळ’ वाचलं की आजोबा म्हणतात, ते समुद्राकडं येतं, आपल्याला काय. पेपरवाले वावटळीपासून सगळ्याला चक्रीवादळच म्हणतात. त्यामागं व्यवहारही आहे: मदतीच्या केंद्रीय यादीत चक्रीवादळ आणि गारपीट आहे, नुसता वादळी वारा नाही. पंचनाम्याच्या वेळी शब्दाला किंमत येते.

नुकसान कशानं होतं? पत्र्यानं. ताशी ८० किमीच्या झोताचा दाब चौरस मीटरला सुमारे २७ किलो. दहा बाय तीन फुटांचा पत्रा म्हणजे २.८ चौरस मीटर, त्याला वर उचलणारा जोर ७५ किलोच्या आसपास जाऊ शकतो. त्यावर आपण ठेवतो काय, तर दहा-पंधरा किलोचे दोन दगड. पत्रा उठतो, दगड खाटेवर पडतो. पत्रा हुकानं आडव्या पाइपाला धरलेला पाहिजे, हुक पन्हळीच्या उंचवट्यावर, खाली रबराचा वायसर, आणि कडेच्या ओळीला मधल्यापेक्षा दुप्पट हुक. वारा कडेतून शिरतो.

मेसेजमध्ये चार गोष्टी पुरेत: कुठून, कुठं, किती वाजता, काय करायचं. नमुना: “५.१० वा. रांग लातूर-औसा भागात, पूर्वेकडं सरकतेय. चाकूर, उदगीर: ५.३५ पासून जोराचा वारा, मग वीज-पाऊस. जनावरं झाडाखाली बांधू नका. पत्र्याच्या शेडमधून पक्क्या भिंतीच्या खोलीत जा. सोलर पंपाची पाटी हातानं फिरत असेल तर आडवी करा. कडब्याच्या गंजीवरची ताडपत्री दोरानं आवळा.” यात टोर्नॅडो कुठं लागला?

दवबिंदू

मेसेज झकास, पण तुमचा शेवटचा प्रश्न उलटा लागू होतो. सरळ वाऱ्यात पक्की खोली पुरते. फिरत्या वाऱ्यात खिडकीपासून लांब, मधल्या खोलीत, खाली बसून डोकं झाकायचं असतं. धोका सांगितला नाही तर ती खबरदारी कोण घेणार?

पत्र्याचं_घर

मग ती खबरदारीच लिहा ना. “खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला” दोन्हीला चालतं. शब्द न वापरता काम झालं.

बिंदूसरा

कायद्याचंही ध्यानात असू द्या. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ५४: आपत्तीची खोटी सूचना पसरवून घबराट झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. अधिकृत इशारा हवामान खात्याचाच. तीन तासांचा नाऊकास्ट (लगेचच्या तासांचा अंदाज) आला की तो जसाच्या तसा पुढे पाठवा आणि आपलं निरीक्षण खाली वेगळं लिहा. दोन्हीची खिचडी केली की गोंधळ होतो.

आता निरीक्षण म्हणजे काय, कारण वाद तिथंच सुटतो. वाऱ्याचं यंत्र मोकळ्या जागी १० मीटरवर पाहिजे आणि आडोसा त्याच्या उंचीच्या किमान दहापट लांब. पाच मीटरचं घर असेल तर पन्नास मीटर. गच्चीच्या कठड्याला बांधलेलं यंत्र कधी जास्त दाखवतं, कधी कमी, त्यामुळे ‘११० ची नोंद’ म्हणून मिरवू नका. यंत्र नसेल तर मोबाईलचा दाबमापक बघा. गार वाऱ्याची आघाडी आली की दाब काही मिनिटांत दोन-चार हेक्टोपास्कल उडी मारतो आणि तापमान आठ-दहा अंशांनी कोसळतं. लातुरात मूळ आकडा ९४० च्या आसपास दिसेल. त्याला १०१३ शी ताडून “कमी दाब आला हो” म्हणू नका, ती उंची आहे. दाब वर गेला, पारा खाली आला, वारा एका दिशेनं सुटला, तर ती सरळ वाऱ्याची रांग.

खरा निकाल लागतो दुसऱ्या दिवशी, पडलेल्या झाडांवरून. निदान वीस-पंचवीस झाडं घ्या. बुंध्याकडून शेंड्याकडं दिशा मोबाईलच्या कंपासनं मोजा, गाडी आणि लोखंडी खांबापासून चार-पाच मीटर लांब उभं राहून. ठिकाण नकाशावर टाका आणि प्रत्येकाला बाण काढा. विजेचे खांब धरू नका, एक पडला की तारा बाकीच्यांना ओढतात. कुजक्या बुंध्याची बाभूळ धरू नका. बाण एका बिंदूपासून फाकत गेले तर डाऊनबर्स्ट. अरुंद पट्ट्यात, लांबवर, दोन्ही बाजूंचे बाण आत वळलेले असतील तर टोर्नॅडोचा विचार करा. उभा ऊस असेल तर ड्रोननं वरून घ्या, आडवा पडलेला ऊस झाडांपेक्षा स्पष्ट बोलतो. अर्धापूरकडच्या केळीच्या बागाही चालतील, केळ लवकर मोडते. हे सगळं लाकूड तोडून न्यायच्या आत, म्हणजे पहिल्या दिवशीच.

वळीव

आणि आघाडीच्या कडेला धुळीचा भोवरा उठतो, त्याचं काय? सगळ्यात जास्त व्हिडीओ त्याचेच असतात.

बिंदूसरा

गस्टनॅडो. वरच्या ढगाशी त्याचा संबंध नसतो. व्हिडीओत फक्त खाली बघू नका, कॅमेरा वर न्या. ढगाच्या तळातून सोंड उतरलीय का? तळ स्वतः फिरतोय का? दोन्ही ‘नाही’ असेल तर तो गस्टनॅडो. तरी त्याच्या वाटेत उभं राहू नका, पत्रा तोही उचलतो. आणि भर दुपारी निरभ्र आकाशात उठते ती आपली साधी वावटळ.

मांजराकाठ

बिंदूसरांचा बाणांचा नकाशा मान्य. दवबिंदूंचा मार्चचा मुद्दाही अर्धा मान्य करतो: तळ १५०० च्या खाली, ८५० शी फरक २० नॉटच्या वर आणि ढग रांगेपासून सुटा, हे तिन्ही जुळलं तर “ढगाचा तळ फिरतोय का बघा” असं फक्त निरीक्षकांच्या ग्रुपवर लिहावं. गावांच्या ग्रुपवर नाही.

दवबिंदू

आणि कुणी फिरता तळ पाहिलाच तर? तेव्हाही गावाला कळवायचं नाही?

मांजराकाठ

पाहिला तर कळवा. पण वेळ, जागा आणि कोणत्या दिशेला बघताय हे लिहून, आणि तीस सेकंद न हलवता घेतलेला व्हिडीओ जोडून. “लामजन्याहून वायव्येला, ५.४२” एवढं असलं की दुसरा माणूस दुसऱ्या बाजूनं बघून सांगू शकतो.

दवबिंदू

तीस सेकंद उघड्यावर, डोक्यावर वीज असताना? दामिनी या वीज दाखवणाऱ्या ॲपवर २० किमीच्या आत ठिपके दिसत असतील तर व्हिडीओ घराच्या आतूनच.