शब्दचर्चा : लाइन

नागपुरात वीज जात नाही, लाइन जाते. मे महिन्यात कूलर बंद पडला की शेजारी गॅलरीतून विचारतात, “तुमच्या इकडे लाइन आहे का?” पुण्या-मुंबईकडे यालाच ‘लाइट गेले’ म्हणतात. मात्र ‘लाइन गेली’ हे वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत नेलं तर ऐकणाऱ्याला फोन कटला असं वाटेल. इंग्रजीत वीज गेली तर पॉवर जाते, लाइन म्हणजे नुसती तार. आपण तारेचं नाव विजेलाच देऊन टाकलं. मला यात काही चूक वाटत नाही. खांबावर चढणारा जर लाइनमन, तर तो जी आणून देतो ती लाइनच.

या शब्दाचं मूळ विदर्भातल्या माणसाला जवळचं वाटावं असं आहे. लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणजे जवस. हो, आपण ज्याची चटणी करतो तेच. जवसाच्या खोडातल्या धाग्याचं कापड ते लिनन, बी ते लिन्सीड, आणि त्या धाग्याची दोरी ती ‘लिनिया’. तिच्यावरूनच ‘लाइन’ आली. म्हणजे आधी दोरी, मग दोरीनं आखलेली रेघ, आणि रेघेसारखं जे जे सरळ मांडलं ते सगळं. गवंडी अजूनही दोन टोकांना खिळे ठोकून लाइनदोरी ताणतो आणि वीट तिला लावून बसवतो. तिथे मूळ अर्थ डोळ्यांसमोर दिसतो.

कपड्याचं अस्तरही याच घराण्यातलं. कोटाला आतून लिनन लावत, म्हणून ‘टू लाइन’ म्हणजे अस्तर लावणं. शिंप्याकडचं ‘लायनिंग’ ते हेच. शब्दकोशात हा अर्थ वेगळ्या नोंदीत असतो, त्यामुळे विद्यार्थी गोंधळतात. पाठ करण्यापेक्षा जवसाचा धागा लक्षात ठेवा, दोन्ही अर्थ आपोआप जुळतील.

सिव्हिल लाइन्समधली ‘लाइन्स’ कुठली, हेही बरेच जण विचारतात. सैन्याच्या छावणीत तंबू, घोडे, बराकी ओळीनं असत, त्या ‘लाइन्स’. लष्कराबाहेरच्या, म्हणजे मुलकी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. नागपुरातल्या पोलीस लाइन टाकळी या वस्तीचं नावही त्याच वळणाचं. इथे ‘रेषा’ किंवा ‘रांग’ असा अनुवाद करायला गेलात तर हाती काही लागणार नाही. वस्तीच म्हणावं लागेल.

मेट्रोच्या ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइन सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. त्या लाइन म्हणजे मार्ग. क्रिकेटमध्ये मात्र जपून. चेंडू यष्टीच्या रोखानं येतोय की बाहेर चाललाय ती लाइन, आणि टप्पा कुठे पडला ती लेन्थ. मराठी समालोचनात दोन्हीला ‘दिशा आणि टप्पा’ म्हणतात, आणि ते फार नेमकं आहे.

‘पोरगा कोणत्या लाइनीत आहे?’ म्हणजे धंदा-नोकरी कोणती. ‘लाइनीत लागा’ म्हणजे रांगेत उभे राहा. कवितेची ओळ, नाटकातलं वाक्य, हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत. ‘लाइन मारणे’ आपल्याकडचं. इंग्रजीत तसं म्हणत नाहीत.

‘डेडलाइन’बद्दल एक सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1864 साली, अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कैद्यांसाठी कुंपणाच्या आत एक हद्द ठरवलेली होती. ती ‘डेडलाइन’, ओलांडली की पहारेकरी गोळी घाली. कामाची शेवटची तारीख हा अर्थ पुढे छापखान्या-वर्तमानपत्रांच्या जगात रुळला. मराठीत ‘मुदत’ हा शब्द असताना प्रत्येक सरकारी परिपत्रकात डेडलाइन कशाला हवी, हे मला कळत नाही.

भंडारा, गोंदिया, यवतमाळकडच्या मंडळींनी सांगावं : तुमच्याकडे वीज गेली की लाइन जाते की लाइट? आणि गावातली म्हातारी माणसं काही तिसराच शब्द वापरतात का?